प्रिन्स मेगाहिट ८

'प्रिन्स', स्पेस, 'मेगाहिट', स्पेस, आणि मग एक आकडा. एंटर. (सगळं रोमन अक्षरांत टाइप करायचं, हे वेगळं सांगायला नको.) ज्यांनी डॉसचा काळा पडदा पाहिलाय त्यांच्या बोटांना हे अजून आठवत असणार. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' एरवी सुरू होतो तो पहिल्या लेव्हलच्या तळघरात. हातात तलवार नाही, खाली डावीकडे तीन लाल त्रिकोण म्हणजे तीन जीव, आणि राजकन्येला सोडवायला साठ मिनिटं. पण कमांडच्या शेपटीला हे दोन तुकडे लावले की तो निमूटपणे तुम्हाला हव्या त्या लेव्हलवर नेऊन उभा करतो. १.० आवृत्तीत परवलीचा शब्द 'मेगाहिट' होता, १.३ आणि १.४ मध्ये तो 'इम्प्रूव्हड' झाला. नुसता आकडा दिलात तर मात्र काही होत नाही. आधी परवलीचा शब्द, मग आकडा.

ही असली दारं खेळणाऱ्यांसाठी ठेवलेली नसतात, ती असतात घरच्यांसाठी. समजा तुम्ही आठवी लेव्हल बांधताय आणि तिथला एक दरवाजा हवा तेव्हा उघडत नाहीये. कोड बदलला, कंपाइल केला, आता बघायचंय. मग काय दर वेळी आधीच्या सात लेव्हल खेळत बसणार? आमच्या प्रोजेक्टमध्येही पेमेंटचं शेवटचं पान तपासायला लॉगिनपासूनचा सगळा प्रवास नको, म्हणून टेस्टिंगच्या सर्व्हरवर असंच एक चोरदार आहे. गेमवाल्यांनी ते फार आधीपासून केलं, एवढंच. १९९२ च्या 'वुल्फेन्स्टाइन ३डी'मध्ये 'टेडलेव्हल' असं पॅरामीटर आहे. टेड म्हणजे जॉन रोमेरोनं लिहिलेला नकाशे काढायचा प्रोग्रॅम. नकाशा काढला की तिथूनच गेम चालू करून तो खेळून बघायचा, त्यासाठी ही सोय.

१९९३ च्या डिसेंबरात आलेल्या 'डूम'ला तर परवलीचा शब्दही लागत नाही. 'डूम -वार्प ३ ६ -स्किल ४' म्हटलं की तिसऱ्या भागाचा सहावा नकाशा, चौथ्या नंबरची काठिण्यपातळी. 'डूम २'मध्ये भाग नाहीत, म्हणून तिथे वार्पपुढे एकच आकडा. आयडी सॉफ्टवेअरनं १९९७ मध्ये डूमचा सोर्स खुला केला, त्यात हे सगळं वाचायला मिळतं. 'एम-चेकपार्म' नावाचं एक एवढंसं फंक्शन आहे, ते कमांडचे तुकडे एकामागून एक बघत जातं, बास. त्याच सोर्समध्ये '-एव्हीजी' असंही एक ऑप्शन सापडतं. डेथमॅच खेळताना ते दिलं की पडद्यावर येतं, 'ऑस्टिन व्हर्च्युअल गेमिंग', लेव्हल २० मिनिटांनी संपेल. नावावरून तरी कुणा गिऱ्हाइकाची खास मागणी वाटते. जगभर गाजलेल्या गेमच्या कोडातही एका गिऱ्हाइकासाठी टाकलेला 'इफ' असतो, हे बघून मला सोमवारी ऑफिसला जाताना जरा बरं वाटलं.

प्रिन्सचा डॉसवरचा प्रोग्रॅम चाहत्यांनी उलगडून सी भाषेत पुन्हा लिहिलाय, त्याचं नाव एसडीएलपॉप. त्यात आकडा वाचायची पद्धत बघण्यासारखी आहे. मोठ्या आकड्यापासून खाली ० पर्यंत एक लूप फिरतो आणि प्रत्येक आकड्याला विचारतो, बाबा रे, तू कमांडमध्ये आहेस का? आधी हसू येतं. सरळ आकडा वाचायचा सोडून इतक्या वेळा विचारणा कशाला? आणि तीही उलटी? मग लक्षात येतं की तुलना करणारं फंक्शन फक्त सुरुवातीची अक्षरं जुळतात का एवढंच बघतं. म्हणजे १ पासून वर गेलो असतो तर 'मेगाहिट १२' लिहिणारा माणूस पहिल्या लेव्हलच्या तळघरात जाऊन पडला असता! म्हणून वरून खाली. असो.

मला सांगायचंय ते वेगळंच. हा आकडा तुम्हाला जागा देतो, पण तिथवर चालत आलेल्या माणसाकडे जे असतं ते देत नाही. डूममध्ये वार्प करून गेलात की हातात पिस्तूल, पन्नास गोळ्या आणि शंभर टक्के तब्येत. चालत आलेल्याकडे या वेळेपर्यंत रॉकेट लाँचर असतो. प्रिन्समध्ये तलवार मिळते, कारण दुसऱ्या लेव्हलपासून पुढे असाल तर ती आहेच असं गेम धरून चालतो. जीव मात्र तीनच. वाटेतल्या मोठ्या बाटल्या पिऊन ज्यानं ते वाढवलेत त्याच्याशी तुमची बरोबरी नाही.

आणि काही गोष्टी तर आकड्यात मावण्यासारख्याच नसतात. चौथ्या लेव्हलमध्ये एक आरसा आडवा येतो. त्यातून धावत उडी मारलीत की तुमची सावली तुमच्यातून सुटून पलीकडे पळते. पाचव्या लेव्हलमध्ये ती तुमच्या डोळ्यांदेखत बाटली पिऊन टाकते, सहाव्यात तुमच्या तोंडावर दरवाजा पाडते. बारावीत ती तलवार घेऊन समोर उभी राहते. तिला मारलंत की जीव तुमचाही जातो. तलवार म्यान करून सरळ तिच्यात शिरायचं, हा तिथला उपाय. आरशापासून आलेल्या माणसाला तो कधी ना कधी सुचतो. माझ्या आतेभावानं मला लहानपणी थेट 'मेगाहिट १२'वर नेलं होतं. तिथे कोण हा निळसर माणूस आणि त्याला वार केला की आपणच का मरतोय, काही कळेना. आम्ही दोघांनी त्याला बग ठरवलं आणि जेवायला गेलो.

हे २००७ चं, सांगलीचं. मी दहा वर्षांचा. घरी नुकताच सेकंडहँड कॉम्प्युटर आला होता आणि जोडून देणाऱ्यानं सगळ्यांना देतो तसं गेम्सचं एक फोल्डर टाकून दिलं होतं. मॅन्युअल वगैरे प्रश्नच नव्हता. बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक. रात्री जेवणं झाली की ते प्रिन्स लावायचे. तासाभराचा खेळ, तासानं झोप, हे त्यांना पसंत होतं. दिवसभर गाड्यांच्या वेळा लिहिणारा माणूस, तो इथेही वही घेऊन बसला! शंभर पानी वहीत पट्टीनं आखलेले रकाने. तारीख, लेव्हल, शिल्लक मिनिटं, जीव. आई म्हणायची, डेपो घरी आणलाय. माझ्या आतेभावानं मेगाहिटची चिठ्ठी कॉम्प्युटरला चिकटवली तेव्हा बाबांनी ती काढून टाकली. त्यांचा शब्द होता 'विनातिकीट'. बास, एवढंच. रागावले वगैरे नाहीत.

ते आठव्या लेव्हलपर्यंत पोचले आणि तिथे अडकले. ज्यांनी खेळलंय त्यांना माहीत आहे काय ते. बाहेर जायचा मोठा दरवाजा उघडून परत यायला लागलात की मध्येच एक जाळीचा दरवाजा बंद, आणि तो उघडायची फरशी पलीकडे. बाबांच्या मते तिथे चुकीच्या रस्त्यानं आल्यासारखं होतं, म्हणून लगेच कंट्रोल-ए दाबून लेव्हल पहिल्यापासून. मिनिटं जात राहायची. पुढे माझी दहावी, मग कॉम्प्युटर बिघडला, मग मी इंजिनिअरिंगला बाहेर. वही राहिली.

मधल्या काळात मला त्या दरवाजाचं उत्तर कळलं होतं. बाबांना ते मी कधी सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही.

गेल्या पावसाळ्यात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि आई-बाबा दोन-अडीच महिने पुण्यात माझ्याकडे राहिले. माणूस चिडचिडा झाला होता. वॉकर नको, बाथरूमपर्यंत कुणी धरायला नको, पाणीसुद्धा मागायचे नाहीत. फिजिओथेरपीची मुलगी गेली की दिवसभर खिडकीतून सोसायटीच्या गेटवर येणाऱ्या-जाणाऱ्या कॅब बघायचे. अमुक गाडी दहा मिनिटं उभी होती, म्हणजे बघा! एका शनिवारी मी लॅपटॉपवर डॉसबॉक्स टाकून प्रिन्स चालू केला, बाहेरून एक मोठा कीबोर्ड जोडला आणि काही न बोलता त्यांच्यासमोर ठेवला.

पहिला आठवडा नुसता हात बसवण्यात गेला. तिसऱ्या लेव्हलच्या पुढे काही जाईनात. चिडून कीबोर्ड ढकलला तेव्हा मी म्हटलं, "बाबा, थेट पुढच्या लेव्हलवर लावून देऊ का? शेवटचं बघायचंय का?"

"शेवटचं नको," ते म्हणाले. "आठ लाव. आठपर्यंत मी आलोय."

हे मला अपेक्षित नव्हतं. प्रिन्स मेगाहिट ८, एंटर. बाबा पुढे वाकले आणि लगेच मागे झाले.

"हे तीन कसे? माझे पाच होते."

मेगाहिटमध्ये शिफ्ट-टी दाबलं की एक जीव वाढतो. दोनदा दाबलं. पाच झाले. माझी बोटं कीबोर्डवरून निघेपर्यंत त्यांनी दुसरं काढलं. "आणि वेळ?"

"साठ मिनिटं आहेत ना."

"माझी तेवीस राहिली होती."

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. अठरा वर्षांपूर्वीची तेवीस मिनिटं! काकाला फोन केला, तो आमच्या सांगलीच्या घरी कुंड्यांना पाणी घालायला जातो. त्यानं माळ्यावरून वही शोधून व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. शेवटची ओळ, बाबांच्या टपोऱ्या अक्षरात, ८, २३, ५. मेगाहिटमध्ये वजाबाकीचं चिन्ह दाबलं की एकेक मिनिट कमी होतं. मी सदतीस वेळा ते दाबलं. बाबा शेजारी बसून मोजत होते.

मग पहिल्याच पहारेकऱ्यानं त्यांना मारलं, लेव्हल परत सुरू झाली आणि जीव पुन्हा तीन. शिफ्ट-टीनं दिलेले जीव त्या खेळीपुरतेच. मेलात की गेम लेव्हल सुरू होतानाचा आकडा धरतो, आणि लेव्हल सुरू होताना आमच्याकडे तीनच होते. दर वेळी मी शेजारी उभा राहून दोन कळा दाबायच्या? तेही त्यांना चालेना. मुलानं बाथरूमपर्यंत धरायचं आणि मुलानंच जीव वाढवून द्यायचे, असं काहीतरी ते पुटपुटले.

म्हणून रात्री बसून मी प्रिन्सची सेव्ह फाइल बघितली. गेममध्ये तिसऱ्या लेव्हलपासून कंट्रोल-जी दाबून सेव्ह करता येतं, हे आम्हाला तेव्हा माहीतच नव्हतं. फाइल केवढी असेल? आठ बाइट. दोन-दोन बाइटचे चार आकडे. शिल्लक मिनिटं, त्या मिनिटातले शिल्लक ठोके (सेकंदाला बारा, म्हणून ७१९ पासून खाली), लेव्हल, आणि लेव्हल सुरू होतानाचे जीव. झालं. साठ मिनिटं रक्त आटवून खेळल्यावर गेमला तुमच्याबद्दल एवढंच लक्षात ठेवावंसं वाटतं. ठोके सोडले तर हे बाबांच्या वहीचेच रकाने! ज्यानं मॅन्युअल पाहिलं नव्हतं, सेव्ह होतं हे ज्याला माहीत नव्हतं, त्यानं नेमकी तीच माहिती लिहून ठेवली होती, एक जास्त नाही की कमी नाही. पायथॉनच्या तीन ओळींत मी वहीतली ओळ फाइलमध्ये लिहिली. २३, ७१९, ८, ५. कमांडमधून मेगाहिटही गेलं आणि आकडाही गेला. नुसतं प्रिन्स, मग कंट्रोल-एल.

प्रिन्स लिहिणारा जॉर्डन मेकनर. त्यानं तो १९८९ मध्ये ॲपल २ साठी काढला, डॉसवर आला पुढच्या वर्षी. राजपुत्राच्या धावण्या-उडण्यासाठी धाकट्या भावाला पळवून त्याचं व्हिडिओ शूटिंग केलं होतं, संगीत वडिलांचं. मूळ सोर्स कोड पुढे कित्येक वर्षं हरवलेला होता. २०१२ मध्ये तो सापडला, त्या वडिलांकडेच, घरातल्या कपाटात, फ्लॉपींच्या खोक्यात. बाबांना हे सांगितलं तर त्यांचा प्रश्न, "फ्लॉपीवर तारीख होती का?" असो.

तर रोज संध्याकाळी तेवीस मिनिटं. मेले, वेळ संपली, की कंट्रोल-एल, पुन्हा तेवीस. पंधरा-वीस दिवस गेले. मी ऑफिसचा कॉल चालू ठेवून एका डोळ्यानं बघायचो. आठव्या लेव्हलच्या आधी राजकन्या एका उंदराला खोलीबाहेर पाठवते, तो छोटासा प्रसंग दिसतो. २००७ मध्ये बाबा त्याच्यावर हसायचे, उंदीर काय करणार म्हणून. आत्ताही हसले.

आणि एका बुधवारी ते त्या जाळीशी पोचले. मोठा दरवाजा उघडलेला, जाळी बंद. मी कॉल म्यूट केला. ओठांवर आलेलं गिळलं. मला माहीत होतं की इथे काहीही करायचं नसतं, नुसतं थांबायचं असतं. त्या खोलीत गेमचा काउंटर दीडशेपर्यंत जातो, म्हणजे साधारण बारा-तेरा सेकंद. तेवढं थांबलात तरच. बाबांचा डावा हात कंट्रोलकडे सरकताना मला दिसला. आणि मग त्यांनी तोंड वाकडं केलं, खुर्ची मागे सरकवली आणि दोन्ही हातांनी मांडी धरून ऑपरेशनचा पाय हळूहळू सरळ केला. दर अर्ध्या तासानं करायचाच होता तो व्यायाम. टाच पुढे, बोटं मागे, दहा अंक. ते पुटपुटत मोजत होते. सात, आठ, नऊ...

उंदीर आला. पलीकडून टुणटुण पळत आला, फरशीवर चढला आणि जाळी वर गेली.

बाबा पाय तसाच लांब ठेवून बघत राहिले. "अरे," ते म्हणाले. मग आईला हाक मारली, "अगं, उंदीर!" आई स्वयंपाकघरातून झाडू घेऊन धावत आली. जाळी परत पडायच्या आत त्यांनी कशीबशी खुर्ची पुढे ओढली आणि राजपुत्राला बाहेर काढलं.

माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"कॉलेजपासून."

त्यांनी मान हलवली. पुढे काही बोलले नाहीत. कुठल्या अर्थानं हलवली ते मला आजही नीट सांगता येणार नाही, पण रात्री जेवताना पाण्याचा तांब्या त्यांनी माझ्याकडे मागितला.

नवी वही आणली होती, तिच्यात ओळ पडली. ९, १४, ५. मग ते बराच वेळ पेन उघडं ठेवून बसले. नववीपासून बारावीपर्यंत चार लेव्हल, वर तेरावीतला जाफर, आणि हातात चौदा मिनिटं. सकाळी त्यांनी हिशोब सांगितला. पहिल्या सात लेव्हलनाच सदतीस मिनिटं गेलीत, गाडी तिथेच लेट झालीय. आता पुढे कितीही पळवली तरी वेळेवर पोचत नाही.

"मग नववीला थोडी मिनिटं वाढवून देऊ?" मी विचारलं. मला उत्तर माहीत होतं, तरी विचारलं.

"पहिल्यापासून लाव," ते म्हणाले. "ती फाइल पण काढून टाक."

ते आता सांगलीला आहेत, गुडघा बरा आहे, जिना चढतात. जुना लॅपटॉप मी तिकडेच दिलाय. रविवारी काकाच्या फोनवरून वहीच्या पानाचा फोटो येतो. परवाचा होता ६, ४१, ४. सहावीला एक्केचाळीस मिनिटं शिल्लक म्हणजे चांगलीच आघाडी आहे, पण चारच जीव कसे ते बघायला हवं, कुठली तरी बाटली राहिलीय.